सुकवलेल्या द्राक्षांची वाइन गोड का लागत नाही?

धानकरी (गोंदिया जिल्हा)

नमस्कार. माझा भाचा गेली तीन वर्षे इटलीतल्या वेरोना शहराजवळ एका कारखान्यात नोकरीला आहे. दिवाळीला तो घरी आला तेव्हा त्याने माझ्यासाठी तांबड्या वाइनची एक बाटली आणली. (आमचा जिल्हा दारूबंदीतला नाही, हे आधीच सांगून ठेवतो, वर्धा आणि गडचिरोलीच्या मित्रांनी गैरसमज करून घेऊ नये.) बाटलीवर ‘आमारोने देल्ला वाल्पोलिचेल्ला’ असे नाव आहे. भाच्याच्या सांगण्याप्रमाणे ही वाइन ज्या द्राक्षांची करतात ती तोडल्याबरोबर चेचत नाहीत. सप्टेंबरच्या सुमारास तोडलेले घड माळ्यावर पसरून ठेवतात, ते तीन-चार महिने तिथेच सुकतात आणि मग ऐन थंडीत त्यांची वाइन घालायला घेतात.

हे ऐकून मला आमच्याकडचा मोह आठवला. चैत्रात पहाटे वेचलेले मोहफूल अंगणात चार-पाच दिवस वाळले की त्याचा पिवळसर रंग जाऊन ते तपकिरी होते, आणि ताजेपणी जे नुसते उग्र-गोडसर लागते तेच वाळल्यावर मनुकेसारखे लागते. पाणी उडाले की गोडी दाट होते, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे मी मोठ्या अपेक्षेने पेल्यात बोटभर वाइन ओतून घेतली. वास थेट मनुकांचा आला, पण जिभेवर गोडी म्हणावी अशी काही लागली नाही. चव दाट होती, गिळताना छातीत ऊब उतरली आणि मागे बराच वेळ कडवटपणा रेंगाळला.

द्राक्षे खरोखरच सुकवली असतील तर त्यांची साखर गेली कुठे? भाचा म्हणतो की नावाचाच अर्थ कडू असा आहे. मग कडू वाइन करण्यासाठी द्राक्षे आधी मेहनतीने गोड करून घ्यायची, हा उपद्व्याप कोणी आणि कशासाठी सुरू केला असावा? शिवाय ही कोणती द्राक्षे, आणि आपल्याकडे असे काही करता येईल का, हेही जाणकारांनी सांगावे. बाटली अजून पाऊण भरलेली आहे.


विरजण (अमरावती)

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे, त्यामुळे साखरेच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून घ्यावे. साखर कुठेही गेलेली नाही, तिचा मद्यार्क झाला आहे. यीस्ट द्राक्षरसातली साखर खाते आणि तिच्यापासून मद्यार्क व कर्बवायू तयार करते. ढोबळ हिशेब असा की एक लिटर रसातली सुमारे १७ ग्रॅम साखर संपली की वाइनमध्ये एक टक्का मद्यार्क येतो. साधारण पिकलेल्या ताज्या द्राक्षांच्या रसात लिटरमागे २०० ते २२० ग्रॅम साखर असते, म्हणून नेहमीची वाइन बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास थांबते. सुकवलेल्या द्राक्षांच्या रसात ती याहून कितीतरी जास्त असते. तुमच्या बाटलीवरचा मद्यार्काचा आकडा पाहा. आमारोनेसाठी तो किमान १४ टक्के असावा असा नियमच आहे, आणि प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा १५ किंवा १६ च्या घरात असतो. छातीत उतरलेली ऊब त्याची.

आता खरा प्रश्न असा की यीस्टने सगळी साखर खाल्लीच का? मद्यार्क वाढत गेला की यीस्टला तो स्वतःच विषासारखा होतो, आणि १५-१६ टक्क्यांच्या पुढे बहुतेक यीस्टचा जोर सरतो. त्यातच हा रस जानेवारीच्या थंडीत मुरायला घातलेला असतो. थंडी आणि दाट साखर असे दोन्ही अडथळे असताना यीस्ट मध्येच दमले, तर उरलेली साखर वाइनमध्ये तशीच राहते आणि वाइन गोड होते. वाल्पोलिचेल्लाची जुनी, खरी परंपरा या गोड वाइनचीच आहे आणि तिला ‘रेचोतो’ म्हणतात. सहाव्या शतकात ऑस्ट्रोगॉथ राजांच्या दरबारातला मंत्री कॅसिओडोरस याने वेरोनाच्या परिसरातल्या अशाच एका वाइनचे वर्णन एका पत्रात केले आहे. द्राक्षे निवडून घरात टांगून ठेवायची आणि थंडी पडल्यावर त्यांचा रस काढायचा, ही पद्धत त्यात स्पष्ट आहे. तेव्हा सुकवण्याचा उपद्व्याप कडू वाइनसाठी कोणी सुरू केला नाही, तो गोड वाइनसाठीच होता. आमारोने हे त्या परंपरेत यीस्टने न थांबता शेवटपर्यंत काम केल्याचे फळ आहे.

तिथे एक गोष्ट सांगतात. १९३६ साली नेग्रार गावच्या सहकारी वाइनघरात रेचोतोचे एक पिंप विसरून राहिले, साखर पूर्ण संपली, आणि तळघराच्या प्रमुखाने ते चाखून ही कडू नव्हे, मोठी कडू आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. ‘आमारो’ म्हणजे कडू आणि शेवटचा ‘ओने’ हा मोठेपणा दाखवणारा प्रत्यय. गोष्ट सुरेख आहे, पण विसरलेले पिंप १९३६ सालीच पहिल्यांदा सापडले असेल यावर माझा विश्वास बसत नाही. यीस्ट काही त्या वर्षी शहाणे झाले नव्हते. अशी ‘बिघडलेली’ रेचोतो शेतकऱ्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या होत असणार आणि ती ते निमूटपणे पीत असणार. त्या वर्षी फार तर नाव मिळाले असे म्हणता येईल. बाजारात ही वाइन १९५० च्या दशकात रुळू लागली, १९६८ साली वाल्पोलिचेल्लाला सरकारी प्रदेशनिष्ठ दर्जा मिळाला आणि २०१० साली आमारोनेला त्यातला सर्वांत वरचा दर्जा मिळाला.

शब्दाबद्दलही एक सांगतो. ज्याला तुम्ही कडवट म्हणालात ते बहुधा तुरट आहे. कारले कडू असते आणि हिरडा तुरट असतो. द्राक्षाच्या सालीत व बीत जी टॅनिने असतात ती तोंड आवळून धरतात, आणि घड सुकल्यावर रसाच्या मानाने साल जास्त राहिल्याने हा गुण वाढतो. गोड रेचोतोच्या जोडीला बसून जो कोणी ही चाखत असेल, त्याला ‘गोड नाही’ हे सांगायला ‘कडू’ हाच शब्द जवळचा वाटला असणार.


दारव्हेकर (सध्या मुक्काम वेनेतो)

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला आणि गेली अनेक वर्षे याच भागात राहतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. वाल्पोलिचेल्ला म्हणजे वेरोनाच्या वायव्येकडून सुरू होणारी डोंगरउतारांची पट्टी. उत्तरेला लेस्सीनीचे डोंगर थंड वाऱ्याला अडवतात आणि पश्चिमेला गार्दा सरोवर हवा मवाळ ठेवते. उतारावर दगडावर दगड रचून, चुना-मातीशिवाय बांधलेले बांध आहेत. त्यांना इथे ‘मारोन्ये’ म्हणतात. आपल्याकडच्या शेतातल्या धुऱ्यावर कोणी इतके कष्ट घेतले असते तर तंटे निम्मे झाले असते.

एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे मी तोडणीला गेलो होतो. घड कात्रीने तोडायचे, हातात धरून उजेडात फिरवून पाहायचे, आणि ज्यात मणी दाटीने बसलेले आहेत किंवा एखादा फुटलेला आहे तो दुसऱ्या टोपलीत टाकायचा. सुकवायला फक्त विरळ घड जातात, कारण दोन मण्यांमधून वारा वाहिला नाही तर बुरशी आतून सुरू होते आणि वरून दिसत नाही. माझ्या टोपलीतले जवळजवळ निम्मे घड त्या म्हाताऱ्याने काही न बोलता बाजूला काढले. मला वाईट वाटले, पण दोन महिन्यांनी माळ्यावर गेल्यावर कारण कळले.

त्या माळ्याला ‘फ्रुत्ताइओ’ म्हणतात. उंचावर, दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि आत जुन्या पद्धतीच्या ‘आरेले’, म्हणजे बांबूच्या किंवा बोरूच्या तट्ट्यांचे एकावर एक कप्पे. त्यांच्यावर घड एकाच थरात मांडलेले. पूर्वी याच तट्ट्यांवर रेशमाचे किडे पाळत असत. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे टसरचे किडे ऐन-अर्जुनाच्या झाडावरच पाळतात, म्हणून मला हे विशेष वाटले. आता बहुतेकांकडे तट्ट्यांऐवजी प्लास्टिकचे उथळ क्रेट असतात आणि दमट दिवसांत पंखे व आर्द्रता शोषणारी यंत्रे चालवतात, पण त्या म्हाताऱ्याच्या घरी अजून तट्ट्याच होत्या. बाहेर दाट धुके होते, त्यामुळे खिडक्या बंद. आत शिरताच मनुका आणि ओल्या लाकडाचा एकत्र वास आला. मणी मनुकेसारखे कोरडे झालेले नव्हते. बोटाने दाबले तर आत रस होता आणि साल मात्र म्हाताऱ्या हातासारखी सुरकुतलेली होती. तो रोज एक फेरी मारून नासका मणी नखाने खुडून काढत असे.

नियमाप्रमाणे हे घड साधारणपणे १ डिसेंबरच्या आधी मुरायला घालता येत नाहीत. तोपर्यंत त्यांचे तिसरा हिस्सा तरी वजन उडालेले असते. १०० किलो ताज्या द्राक्षांपासून जास्तीत जास्त ४० लिटर आमारोने धरता येते, म्हणजे पन्नासच्या थोड्या वर बाटल्या. एरवी तेवढ्याच द्राक्षांची ७० लिटरच्या आसपास वाइन होते. त्यानंतर किमान दोन वर्षे, आणि ‘रिझेर्वा’ असेल तर चार वर्षे, तिला पिंपात व बाटलीत थांबावे लागते. बाटली महाग का, याचे उत्तर यात आले.

द्राक्षांच्या जातीबद्दल. ही एका जातीची वाइन नाही. मुख्य ‘कोर्विना’, तिच्या जोडीला मोठ्या मण्यांची ‘कोर्विनोने’ (हिला पुष्कळ काळ कोर्विनाचाच एक प्रकार समजत, पुढे ती वेगळी जात निघाली) आणि ‘रोंदिनेल्ला’. चौथी ‘मोलिनारा’ आता सक्तीची राहिलेली नाही. तिचे नाव गिरणीवरून पडले आहे, कारण तिच्या मण्यांवरची पांढरी लव पीठ उडाल्यासारखी दिसते. ‘रेचोतो’ हे नाव कानासाठी असलेल्या स्थानिक बोलीतल्या ‘रेचा’ या शब्दावरून आले, असे सांगतात. घडाच्या वरच्या अंगाला दोन बाजूंनी जे कान निघतात त्यांना ऊन जास्त मिळते, म्हणून पूर्वी गोड वाइनसाठी तेवढेच कापून घेत. आणि वाल्पोलिचेल्ला म्हणजे ‘अनेक तळघरांची दरी’.


विरजण (अमरावती)

शेवटच्या वाक्यापुरती दुरुस्ती: तळघरांची ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे, पक्की नाही. कान मात्र मला आवडले.


वेलमांडव (बुलढाणा जिल्हा)

धानकरी यांच्या ‘आपल्याकडे करता येईल का’ या प्रश्नावर मी लिहितो, कारण मी ते करून फसलो आहे. माझ्याकडे एक एकर द्राक्ष आहे. विदर्भात द्राक्ष म्हटले की लोक हसतात, पण आमच्या बाजूला थोडीफार आहे. चार वर्षांपूर्वी एका कृषी मासिकात या पद्धतीबद्दल वाचले आणि फेब्रुवारीअखेर वीस किलो घड बांबूच्या तट्ट्यावर माडीत पसरले. खिडक्या उघड्या ठेवल्या, नासके मणी काढले, सगळे यथासांग केले. पाचव्या दिवशी गांधीलमाश्या आल्या, आठव्या दिवशी देठ काडीसारखे झाले, आणि बाराव्या दिवशी माझ्यापुढे वाइनची द्राक्षे नव्हती, हलक्या प्रतीचे बेदाणे होते. निम्म्या घडांना आंबूस वास येत होता. बायकोने ते म्हशीला घातले आणि त्या विषयावर आमच्या घरी आजही बोलले जात नाही.

चूक हवेत होती. इटलीत घड तोडल्यावर पुढे थंडी येते, आपल्याकडे तोडल्यावर पुढे उन्हाळा येतो. सांगली-तासगावकडे बेदाणा करतात तेव्हा घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, म्हणजे सालीवरचे मेण सैल होऊन पाणी लवकर निघते, आणि शेडमधल्या जाळ्यांवर पंधरा दिवसांत माल तयार होतो. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. तिकडे मेण तसेच ठेवतात, पाणी सावकाश निघते आणि वजन चौथ्या हिश्शावर कधीच येत नाही. त्या तीन महिन्यांत मणी जिवंत असतो, श्वास घेत असतो. आंबटपणातला मॅलिक आम्लाचा भाग त्या श्वासात खर्च होतो, थोडी साखरही जाते, आणि सालीत नवे पदार्थ तयार होत राहतात. आपल्या मार्चच्या उन्हात तो मणी पहिल्याच आठवड्यात मरतो. शीतगृहात आर्द्रता सांभाळून करता येईल, पण विजेचे बिल कोण भरणार आणि ती बाटली कोण घेणार, हे मला कोणी सांगितलेले नाही.

वेलींचाही फरक आहे. कोर्विनाच्या काडीवर बुडाजवळचे डोळे वांझ असतात. फळ लागते ते पुढच्या डोळ्यांना, त्यामुळे काडी लांब ठेवावी लागते आणि लांब काडीला आधार म्हणून ते ‘पेर्गोला’ करतात. तो म्हणजे आपला मांडवच, फक्त आपला सपाट आणि त्यांचा छपरासारखा उतरता. वरच्या पानांमुळे घड उन्हाने करपत नाहीत. मात्र त्यांच्या वेली थंडीत झोपतात आणि एकाच छाटणीवर वर्ष निघते. आपली वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन कराव्या लागतात. महाराष्ट्रात इटलीची जात रुजलेली पाहायची असेल तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला सांजोवेझे लावलेली आहे. ती तोस्कानातल्या कियांती वाइनची द्राक्षे. कोर्विना मला इकडे कुठे भेटली नाही.


मोहवेच्या (देवरी तालुका)

विषय द्राक्षांचा आहे, पण मोहाचे नाव निघाले म्हणून एक भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते. वाळलेले मोहफूल आमच्याकडे बांबूच्या ढोलीत वर्षभर राहते. ते पाण्यात भिजवून आंबवले की सडवा होतो, आणि सडवा तापवून त्याची वाफ थंड केली की दारू मिळते. वाइन म्हणजे सडवा गाळून मुरवलेला. तिला भट्टी लागत नाही. मोहाच्या फुलाला स्वतःचा फारसा रस नसल्याने पाणी बाहेरून घालावे लागते, द्राक्ष मात्र सुकल्यावरही स्वतःच्याच रसात आंबते. त्यामुळे धानकरींची तुलना सुकवण्यापर्यंत बरोबर आहे, पुढे नाही. इटलीतल्या चोथ्याचे काय करतात, हे मात्र मला जाणून घ्यायचे आहे. आमच्याकडे सडव्यातून निघालेली फुले गुरांपुढे टाकतात.


दारव्हेकर (सध्या मुक्काम वेनेतो)

चोथा टाकत नाहीत. त्याच्यात अजून साखर व यीस्ट शिल्लक असते, म्हणून आधीच तयार झालेली त्याच वर्षीची साधी वाल्पोलिचेल्ला त्याच्यावर ओततात आणि काही दिवस ठेवतात. वाइन पुन्हा थोडी मुरते, रंग व मद्यार्क वाढतो. तिला ‘रिपास्सो’ म्हणतात, म्हणजे पुन्हा फिरवलेली. एकदा वापरलेल्या चहापत्तीवर पुन्हा पाणी ओतण्यासारखे नव्हे हो, इथे पाण्याऐवजी तयार चहाच ओततात. ज्याला आमारोने परवडत नाही तो रिपास्सो घेतो. मीही बहुधा तीच घेतो. त्यानंतर जो चोथा उरतो तो भट्टीत जातो आणि त्याची ‘ग्राप्पा’ नावाची दारू निघते. म्हणजे मोहवेच्या यांना भट्टीपाशी आमची गाठ पडेल.


धानकरी (गोंदिया जिल्हा)

सर्वांचे आभार. विरजण यांच्या सांगण्याप्रमाणे बाटली पाहिली, तिच्यावर १५.५ टक्के असे छापले आहे. बूच लावून ठेवलेली वाइन काल, म्हणजे चौथ्या दिवशी, पुन्हा काढली. घरी मटणाचा रस्सा होता. त्याच्याबरोबर घेतल्यावर तो तुरटपणा (आता मी कडवट म्हणणार नाही) जिभेवर पहिल्या दिवसासारखा बसला नाही. तेलाच्या तवंगावरून निसटून गेला असावा. वासातल्या मनुका मागे सरल्या होत्या आणि त्यांच्या जागी काहीतरी ओळखीचे आले होते, पण ते मला नेमके पकडता येईना.

बाबूजी पंच्याऐंशीचे आहेत आणि त्यांनी आयुष्यात वाइन घेतलेली नाही. मी पेला त्यांच्या नाकापाशी धरला आणि ही द्राक्षे चार महिने माळ्यावर होती असे सांगितले. त्यांनी दोनदा हुंगले, पेला माझ्याकडे परत दिला आणि म्हणाले, “पावसाळ्यात ढोलीचं झाकण काढलं का असाच वास येते.”

वेलमांडव, म्हशीने ते बेदाणे खाल्ले का, तेवढे कळवावे.